कोणता पाय

“कोनता पाय?”

मारोती मिस्तरी नमस्काराऐवजी हेच विचारायचा. स्कूटरला मागे दोन चाकं लावून तिची तीनचाकी करून द्यायची, एवढं एकच काम तो वणीत चंद्रपूर रोडवर पंधरा वर्षांपासून करत होता. दुकानात आलेल्या माणसाचा एक पाय अधू असणार, हे तो धरूनच चालायचा.

नागोरावांच्या डोक्यात तिडीक गेली. मिस्तरी स्कूटरखालून बाहेर यायच्या आत त्यांनी घाईघाईने स्टूल गाठलं होतं, ते उगाच नाही. त्यांचं चालणं अजून त्याच्या नजरेला पडलं नव्हतं.

“माह्या पायाले काई धाड नाही भरली,” ते म्हणाले. “हिचा. हिच्यासाठी पाह्यजे गाडी.”

शेजारच्या खुर्चीत मथुराबाई बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही पाय ठणठणीत होते. तेहेतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून त्यांनी बरंच काही ऐकलं होतं, पण हे नवीन होतं.

नागोराव विजेच्या खात्यातून लाईनमन म्हणून निवृत्त झाले आणि त्यांनी लांब पल्ल्याची मोटारसायकल घेतली, दोन क्विंटल वजनाची. केळापूरच्या देवीपुढे नारळ फोडून ते एकटे थेट लेहपर्यंत जाऊन आले. तेव्हापासून गावात, पांढरकवड्यात, त्यांना लेहवाले म्हणत, आणि ते त्यांना फार आवडे. मागच्या वर्षी बायपासवर गाडी घसरली आणि ऑपरेशन करून डाव्या गुडघ्यात सळई बसवावी लागली. गाडी थांबली की जमिनीवर टेकवायचा तो हाच पाय. दोन महिन्यांपूर्वी पेट्रोल पंपावर तो टेकवला तो लटपटला, आणि मागे बसलेल्या मथुराबाईंसकट गाडी आडवी झाली. त्यांच्या कोपराला सात टाके पडले. “तू हालली म्हनून पडलो,” असं नागोराव पंपावर चार माणसांदेखत म्हणाले. घरी आल्यावरही तेच म्हणाले. एकदाही ‘लागलं का’ असं विचारलं नाही.

मथुराबाईंनी त्या दिवशी गाडीची किल्ली पदराला बांधली ती बांधलीच. घरात भांडणाशिवाय बोलणं उरलं नाही. शेवटी त्यांनीच अट घातली होती. “वणीले चाला. पाय पाहून मिस्तरी म्हने का तीनचाकीची गरज नाही, तं किल्ली घ्या अन् जा कुठं जाचं तिकडे.”

पाय पाहून. म्हणून नागोरावांनी पायच बदलून टाकला.

“मंग काकू, जरा चालून दाखवा,” मारोती म्हणाला. “कोन्या बाजूनं चढान, आधाराचा दांडा कुठं लावाचा, ते चालन्यावरून समजते मले.”

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. चार पावलं सरळ चालल्या असत्या, तर भर दुकानात नवऱ्याची शोभा झाली असती, आणि ती व्हायलाच हवी होती. नागोराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

“चाल ना व,” ते खेकसले. “त्याले कामं आहेत.”

त्या उठल्या. पहिलं पाऊल नीट पडलं. दुसऱ्याला हात डाव्या मांडीवर गेला. डावा पाय गुडघ्यात न वाकता बाहेरून अर्धा फेरा घेऊन पुढे आला, आणि टेकताच सगळं अंग त्या बाजूला कललं. पदरातली किल्ली हिसक्यासरशी वाजली. दाराशी त्या थांबल्या, एक हात कमरेवर ठेवला आणि मान वर करून रस्त्यावरच्या विजेच्या तारा पाहू लागल्या.

नागोरावांनी ती मान ओळखली. पाय भरून आला की ते हेच करायचे. सारी नोकरी खांबावर गेली, त्यामुळे आपण तारांकडे पाहत थांबलो तर कुणाला संशय येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

“लई खराब आहे, काकू,” मारोती हळहळला. “अशा पायानं दोन चाकाची गाडी चालवत होत्या तुम्ही? कोनी अडवलं नाही? सवता तं पडानच, मागं बसलेल्याचाही जीव घ्यान एखाद दिवशी.”

मथुराबाई वळल्या आणि तशाच परत निघाल्या. मांडीवर हात, अर्धा फेरा, अंगाचा झोल. नागोरावांना वाटलं, टिंगल चालली आहे. पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. पाऊल टेकताना ती ओठ दाताखाली धरत होती, आणि ते आपण करतो हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानाच्या मध्यावर ती पुन्हा थांबली आणि आता तर नुसत्या छपराच्या पत्र्याकडे मान वर करून पाहू लागली.

“बस झालं,” नागोराव ओरडले. “इतका नाही लंगडत मी.”

मारोतीच्या हातातली मापाची टेप उघडीच राहिली. त्याने एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा मथुराबाईंकडे.

मथुराबाईंनी मांडीवरचा हात काढला. दोन्ही पायांवर सरळ चालत त्या खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या आणि किल्लीची गाठ ओढून घट्ट केली.

“डावा,” त्या मिस्तरीला म्हणाल्या. “लिहून घ्या.”