गुळवणीकाकांचा बेस

गाडीच्या डिकीत डोकं घालून गुळवणीकाका प्लायवूडच्या खोक्याभोवती उदबत्ती फिरवत होते. ते पाहून काकूंनी हात जोडले.

"अगं, पूजा नाही ही! सबवूफरचा बॉक्स केलाय. आत हळू वाजतंय. सांध्यातून हवा निसटली की धूर हलतो, आणि हवा निसटली की बेस, तो खालचा घुमणारा आवाज, गेलाच म्हणून समज."

त्या बॉक्सपायी घरातला दिवाण कापला गेला होता. काकूंनी विचारलं, "पण अहो, मंडळाचा डीजे लागला की तुमची छाती धडधडते ना? दर गणपतीत पोलिसांना फोन करता."

"तो गोंगाट, हा बेस. फरक कळायला कान लागतो."

काकांनी आवाज वाढवून भजन लावलं. पखवाजाच्या पहिल्याच थापेला पार्किंगमधल्या स्कूटरींचे अलार्म केकाटले आणि वर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात पातेलं पडलं. मंडळाची पोरं धावत आली. काका कमरेवर हात ठेवून भांडायच्या तयारीत उभे राहिले.

मंडळाचा अध्यक्ष मात्र वाकून त्यांच्या पाया पडला. "काका, काय वाजतंय! यंदा विसर्जनाला तुमचीच गाडी पुढे."

काका लालबुंद झाले. आता फोन जाणार पोलिसांना, असं काकूंना वाटलं.

"येईन," काका गुरगुरले, "पण तुमचा तो डीजे माझ्यापासून लांब ठेवायचा. त्याने माझा बेस बिघडतो."