तिच्या हातचं रक्त

कुमुद बाजारात कोसळून गेली, हे शेजारी धावत सांगायला आले तेव्हा मी तिने झाकून ठेवलेली नाचणीची भाकरी खात होतो. मधुमेह मला होता. गेली ती.

चौदाव्या दिवशी गोडाचं जेवण झालं. धाकटी बहीण पानात जिलबी वाढत म्हणाली, "दादा, तोंड गोड कर. त्याशिवाय दुखवटा सुटत नाही." कुमुदने घरात जिलबी येऊच दिली नव्हती. मी खाल्ली. मग खातच राहिलो, लोक आणून देतील ते.

दीड महिन्याने तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, वाढलीय, पण मला वाटलं तेवढी नाही. काकूंची कृपा."

"ती कुठे आहे आता?"

"रक्तातल्या लाल पेशी तीन-चार महिने जगतात. त्या काळातली साखर त्यांना चिकटून राहते. तुमच्या निम्म्याहून जास्त पेशी अजून काकूंच्या स्वयंपाकावरच्या आहेत. पुढच्या तपासणीत मात्र एकही नसेल. तेव्हा गोड बंद, कळलं?"

घरी येऊन मनगटावर बोटं ठेवून बसलो. तिच्या हातचं खाऊन बनलेलं रक्त आत फिरत होतं. रोज त्यातलं थोडं मरत होतं, आणि कितीही पथ्य पाळलं तरी ते थांबणार नव्हतं.

गोड सोडलं. गोळ्या वेळेवर घेतो. डॉक्टरीणबाईंचा दोनदा फोन येऊन गेला. पुढची तपासणी मी अजून केलेली नाही.