नऊ अक्षरं

“अल्पजीवी. नऊ अक्षरं, सुरुवात ई,” पेपरातल्या इंग्रजी शब्दकोड्यावर पेन आपटत श्रीपादराव पुटपुटले आणि सवयीने त्यांचा हात मोबाइलकडे गेला.

आता तिसऱ्या मजल्यावरच्या टिपणीसबाईंना फोन. कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या बाई शब्द सांगणार, हे ‘वा, वा’ करत बसणार आणि शरयूने केलेला चहा निवून जाणार. रोजचंच होतं ते, तरी शरयूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हणून तर भाचीचं जाडजूड पुस्तक आणून ती वर्षभर कुकरपाशी उभ्याने अवघड अवघड इंग्रजी शब्द घोकत होती.

“एफेमरल,” पोळी लाटता लाटता ती म्हणाली.

श्रीपादरावांनी चौकोन मोजले. शब्द चपखल बसला, कोडं सुटलं. चष्म्यावरून त्यांनी बायकोकडे नीट पाहिलं. “कमाल आहे तुझी.”

शरयूने वाफाळता चहा त्यांच्यापुढे ठेवला. आज तरी तो गरम पोटात जाणार होता.

कप तसाच ठेवून त्यांनी फोन लावला.

“टिपणीसबाई, आज काही अडलं नाही,” ते हसत म्हणाले. “म्हटलं, तुम्ही वाट बघत असाल.”