जगनची डकोटा

“डकोटाच्या मागं कदी उभं रायचं नाय, बा. येवढं पाळलं की मंग भ्या नाय.”

पोराचा हा आवाज कानात धरून बळीरामाने विमानाच्या शेपटीवर शेवटचा रंधा फिरवला आणि जरा बाजूला सरून बसला. लाकडाचं असलं म्हणून काय झालं? सांगितलेलं पाळावं.

बळीरामाचा जन्म पनवेलच्या खाडीवर मचवे बांधण्यात गेला होता. विमान त्याने पाहिलेलं ते आभाळातलं, चिमणीएवढं. पण त्याची बायको वेणू गावदेवीला बोलून बसली होती. दर्यावर जाणाऱ्यांच्या घरून देवीला लाकडाची होडी वाहतात. देवळाच्या आढ्याला अशा कितीतरी होड्या टांगलेल्या आहेत. वेणूचं पोर दर्यावर नव्हतं, चिनी सरहद्दीच्या डोंगरांत फौजेचा माल पोचवत होतं. तेव्हा जगन सुखरूप घरी आला की त्याची डकोटा तुझ्या पायाशी आणून ठेवीन, असं ती म्हणाली, आणि नवस फिटेपर्यंत तिने मासळी सोडली. सोडली ती आपल्यापुरतीच, असं ती हळू आवाजात सांगायचीही. पण घरात चूल एकच. तेव्हापासून बळीराम वालाचं बिरडं खात होता आणि बाजारात सुक्या बोंबलांच्या वासाशी थबकत होता.

डकोटा म्हणजे काय, ते शेजारच्या बेंजामिन मास्तरांनी सांगितलं. मास्तर शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचे, पण विषय कुठलाही असो, त्यांना माहीत नाही असं होत नसे. वर्तमानपत्रातलं चित्रच त्यांनी कापून आणलं. दोन पंख्यांचं, पोटात पोती भरून नेणारं फौजी विमान. खऱ्याच्या एका फुटाला आपला पाव इंच धर, म्हणाले. गेल्या रजेच्या शेवटी सुटत्या एस.टी.च्या खिडकीतून जगन जे जे ओरडला होता, तेही त्यांनी उलगडून दिलं. थंडीत सकाळी ती जागची हलत नाही, मनधरणी करावी लागते. बरोबर, इंजिन गारठतं. मागे उभं राहू नये. बरोबर, पंख्यांचा वारा माणसाला उडवून देतो. एकदा निघाली की डोंगर म्हणत नाही, दरी म्हणत नाही. मग काय, विमानच ते.

हात मात्र मचव्याचे. पोट गोल करता करता खाली आपोआप कणा उतरला. फटींत कापूस ठोकला गेला, वर डांबर बसलं. शेवटी राहवेना म्हणून बळीरामाने भरतीला डकोटा खाडीत सोडून पाहिली. आत थेंब आला नाही. विमानाला पोहता आलं नाही तरी चालतं, असं मास्तर म्हणाले. आणि दर्यात पडलं म्हणजे, असं बळीरामाने विचारलं. यावर मास्तरांनी विषय बदलला.

जगन सकाळच्या गाडीने आला, खांद्यावर ट्रंक, अंगाने भरलेला. वेणूने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाटीत भला मोठा जिताडा मासा येऊन पडला होता. दुपारी देवळात नवस फिटणार आणि रात्री कालवण होणार. बळीराम घडोघडी पाटीत डोकावून येत होता. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून हजर होते.

बळीरामाने विमानावरचं फडकं काढलं.

जगनने पंख्यांना बोट लावून पाहिलं. ते गरगर फिरले. बापाच्या हाताकडे बघत तो म्हणाला, “लय झ्याक झालंय, बा. कुनाचं हाय?”

“कुनाचं म्हंजे? तुजं. तुजी डकोटा.”

जगन एकदा आईकडे बघे, एकदा मास्तरांकडे. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “डकोटा आमचं खेचर हाय, बा.”

पुढचं त्याने अडखळत सांगितलं. विमानं माल खाली टाकून जातात. तिथून तो खेचरांवर लादून डोंगरावरच्या चौकीत न्यायचा. त्यांतली एक खेचरी विमानाएवढं ओझं वाहते, म्हणून टोळीने तिचं नाव ठेवलं डकोटा. पोरगा फौजेत खेचरं हाकतो म्हटलं तर बंदरावरची माणसं हसली असती, म्हणून त्याने नुसतं नाव सांगितलं. लाथ मात्र खरी. विजार वर करून त्याने नडगीवरचा वण दाखवला.

मास्तरांनी घसा खाकरला. “वहिनी, काही बिघडलेलं नाही. खेचर म्हणजे संस्कृतात आकाशात फिरणारा. शब्दाच्या अर्थाने हे विमानच आहे.”

बळीरामाने आशेने पाटीकडे पाहिलं.

वेणूने डोक्यावरचा पदर सारखा केला. तिचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही.

“खरं आसंल, मास्तर. पन आमची गावदेवी आगरी हाय. तिला संस्कृत कुनी शिकवलं?”

जाताना जिताडा मास्तरांबरोबर गेला. चुलीवर पुन्हा वाल चढले.

वेणू देवीपुढे बोलली तेव्हा शेजारी हात जोडून बळीरामही उभा होता. त्याने लाकूड तासायची वाकस उचलली, डकोटा पुढ्यात ओढली, शेपटीपासून जरा बाजूला सरून बसला आणि सव्वा हात पसरलेल्या पंखांवरून बोट फिरवलं.

“जगन,” तो हळूच म्हणाला, “कान केवढे रं तिचे?”