उठून बसा

यकृताचं दुखणं लागल्यापासून भास्करराव सारखे आडवे होत. "शिलेदारांच्या घरातले ना तुम्ही? उठून बसा!" म्हणत नयनाबाईंनी नवऱ्याची दिवाणावरची गादीच माळ्यावर टाकली होती.

आज सयाजीगंजातल्या इस्पितळात भास्कररावांच्या शिरेतून बारीक बुडबुडे सोडून हृदयाची सोनोग्राफी झाली. बाहेर नयनाबाईंचा पाय एका जागी ठरेना. गुजराती डॉक्टर बाहेर आले.

"नयनाबेन, बुडबुडे फुप्फुसात अडायला हवे होते, ते पलीकडे निघाले. यकृतामुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावल्यात. म्हणून बसलं की त्यांना धाप लागते, पडलं की बरं वाटतं."

त्या धावतच आत गेल्या.



चाहूल लागताच भास्करराव धडपडत उठले आणि धापा टाकत म्हणाले, "बसलोय गं, बसलोय!"