मनगटाचं माप

"छत्तीस, एकोणचाळीस की बेचाळीस?" घड्याळजींनी तिसऱ्यांदा विचारलं, आणि टेलरबाईंनी तिसऱ्यांदा हातातल्या जुन्या पट्ट्याकडे पाहिलं.

काउंटरवर तीन घड्याळं मांडली होती. दिसायला सख्खी भावंडं. पूर्वीचे पाणबुडे वापरत तसली: काळी तबकडी, जाड काटे, भोवती फिरणारी कडा. वळण जुनं, आतलं यंत्र नवं. फरक काय तो आकाराचा, तोही तीन-तीन मिलिमीटरचा. एवढं माप टेलरबाई एरवी शिलाईत सहज गिळून टाकत. आज तेवढ्यावरूनच त्यांचं घोडं अडलं होतं.

खरं तर मापाच्या बाबतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती-कंबर त्यांच्या डोक्यात लिहून झालेली असे. आणि हे तर नवऱ्याचं मनगट. साडेसहा इंच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण खात्री असलेली बरी म्हणून त्यांनी कपाटातून त्याचं बंद पडलेलं घड्याळ गुपचूप उचलून आणलं होतं. बादलीत पडून पाणी शिरलं, असं तो म्हणाला होता. ते आणलं आणि सगळा घोळ झाला.

रबरी पट्ट्याला सात भोकं. तिसरं वापरून वापरून लांबट झालेलं. तिथे साडेसहा इंच बरोबर भरत होते. पण टोकाचं सातवं भोकही तसंच ताणलेलं, काठाला चिरलेलं. तिथे भरत होते पावणेआठ. मधली तीन भोकं कोरी करकरीत.

"एका माणसाला दोन मापांची मनगटं कशी?" घड्याळजींनी चष्मा कपाळावर चढवला. "हात सुजतो का त्यांचा?"

"छे हो."

"मग मध्यंतरी जाड झाले असतील."

"ते आणि जाड? लग्नात होते तसेच आहेत. खाल्लेलं अंगाला लागतच नाही."

"साडेसहाला छत्तीसचं शोभेल. पावणेआठवर तेच शर्टाच्या बटणाएवढं दिसेल. मी सांगू? मधलं न्या, भानगडच नको."

मधलं! टेलरबाईंनी जन्मात कोणाला अंदाजे मधलं माप दिलं नव्हतं. आणि हे घड्याळ तर चुकून चालणारच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गोदीत जहाजाचा तळ खरवडायला उतरलेला नवरा नाका-कानातून रक्त वाहत वर आला होता. दवाखान्यात त्याच्या मनगटावरचा पट्टा कात्रीने कापून काढावा लागला होता. पुन्हा पाण्याखाली गेलात तर जिवाची खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. नवऱ्याने त्याच खाटेवर बायकोला शब्द दिला. पाण्यात उतरायचा सूट विकून टाकला. गोदीच्याच कोठारात बसून सामान देण्या-घेण्याचं काम धरलं. त्या आठवड्यात टेलरबाईंनी हौसेने हा नवा पट्टा बसवून दिला होता. आज त्या शब्दाला दोन वर्षं पूर्ण होत होती. घड्याळ त्याचंच बक्षीस होतं.

त्यांनी पर्समधून टेप काढली. पट्टा पुन्हा मोजला. उलटा धरून मोजला. आकडे काही हलेनात. आपलंच डोकं फिरलंय की काय, असं त्यांना वाटू लागलं. बकलच्या खाचेत पांढरी पूड अडकली होती. आपलाच खडू, घरभर उडतो मेला, असं म्हणत त्यांनी ती नखाने खरवडली.

"बाहीवरून तर बांधत नाहीत ना?" घड्याळजी हसत म्हणाले. "असतात काही हौशी. आत बाही, वर घड्याळ."

टेलरबाई हसायला गेल्या आणि थांबल्या.

बाही म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात हिशोब आपोआप सुरू झाला. साडेसहाचं मनगट. त्यावर पाच मिलिमीटरची जाडी, चारी बाजूंनी. पावणेआठ. अगदी तंतोतंत. इतक्या जाडीची बाही त्यांनी वर्षानुवर्षं हाताळली होती. फाटली की त्याच चिकटवून देत. ती कापडाची नव्हती, पाण्यातल्या सूटची होती, रबराची.

नखातली पांढरी पूड त्यांनी जिभेवर ठेवली. खडू नव्हता. खारट होतं. बादलीतलं पाणी खारट नसतं.

संतापावं की रडावं, तेही कळेना. दोन वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी घरी येऊन तिसऱ्या भोकात पट्टा अडकवत होता आणि त्या त्याला चहा देत होत्या.

"बेचाळीसचं द्या," त्या शेवटी म्हणाल्या. "लांब पट्ट्याचं."

"नक्की ना? मोठं होईल हो. बघा, नाही बसलं तर आठ दिवसांत बदलून देईन."

संध्याकाळी नवऱ्याने खोका उघडला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा खुलला. "अगं, हे कशाला?" बकल आधीच लावलेलं होतं. त्याने हात तसाच आत घातला. घड्याळ घसरत कोपराकडे गेलं.

"काय टेलरबाई, तुमचंही माप चुकलं?" तो खो खो हसला. घड्याळ खाली ओढता ओढता त्याची नजर बकलवर गेली. ते सातव्या भोकात होतं. त्याचं हसू तिथेच विरलं.

"चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "हे बाहीवरून बसेल. मनगटाचं हवं असेल, तर आठ दिवसांत बदलून मिळतं."