आमच्या घरची सर्व्हिस

“अजून एक टोपली, लोर्ना! ऊन काय तुझ्यासाठी थांबणार आहे?” माझ्या लहानपणी बाबांची ती हाक कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनाही पाठ झाली होती. जगभर टेनिस खेळून, खांद्याची दोन ऑपरेशनं सोसून मी घरी परतले, तरी वारुळं कुटून केलेलं आमचं कोर्ट तसंच लाल होतं, आणि चेंडूंची टोपलीही तीच. आता टोपलीपाशी माझी भाची टेगन उभी होती. उद्या ब्रिस्बेनला राज्याच्या संघासाठी तिची चाचणी होती. “अजून एक टोपली!” म्हातारे बाबा खुर्चीतून ओरडले. टेगननं सर्व्हिससाठी चेंडू उडवला, पण डोक्यावर नाही. जरा पुढे, कमी उंच, आणि हात अर्ध्यावरूनच वळवून मारला. “बघितलंस?” बाबा हरखले. “तुझीच सर्व्हिस! पेपरवाल्यांनी वाखाणलेली. रक्तातच आहे आपल्या!” मी टेगनजवळ जाऊन हळूच विचारलं, “दुखतंय का गं?” “छे, आत्या,” म्हणत तिनं नजर चुकवली आणि पुढचा चेंडू उचलला. मीही अशीच चुकवायचे. “तिला काय विचारतेस?” बाबा करवादले. “तू कधी कुरकुरली होतीस?” टेगनचा हात पुन्हा वर निघाला. मी टोपली उचलून पोटाशी घट्ट धरली. “ती सर्व्हिस नव्हती, बाबा. खांदा दुखायचा माझा, हात वर जायचाच नाही. आणि तुम्ही असे हरखायचात, की मला सांगवायचं नाही.”